जुनी बोट, नवा रंग

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ. या ६१ दिवसांत होड्या वाळूवर ओढल्या जातात, त्यांचे तळ खरवडले जातात, सांधे बुजवले जातात, इंजिने उघडली जातात आणि नारळी पौर्णिमा जवळ येऊ लागली की निळ्या-पिवळ्या रंगांचे हात चढू लागतात. किनाऱ्याची ही लगबग वृत्तपत्रांतून छायाचित्रांच्या रूपाने सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु याच दिवसांत आणखी एक व्यवहार चालतो आणि त्याची वार्ता बंदराबाहेर क्वचितच पोहोचते. जुन्या होड्या मालक बदलतात. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या होडीवर राबलेला एखादा खलाशी स्वतः नाखवा होण्याचे स्वप्न घेऊन एखादी जुनी होडी पाहावयास जातो. मासळीचा भरवसा न उरलेला कोणी पर्यटकांना फिरविण्यासाठी बोट शोधत असतो. खाडीतून माणसे नेणाऱ्या लाँचचा मालक जुन्याला जोड म्हणून दुसरी जुनीच लाँच पाहतो. नवी होडी बांधून घेण्याची ऐपत यांपैकी थोड्यांचीच असते. बायकोचे दागिने, नातेवाइकांची उसनवारी आणि सावकाराचे किंवा पतपेढीचे कर्ज यांतून उभी राहिलेली रक्कम घेऊन माणूस ज्या वस्तूचा सौदा करतो, तिच्या अंतरंगाविषयी त्याला विक्रेत्याच्या शब्दापलीकडे काहीही ठाऊक नसते. आणि उद्या तो शब्द खोटा ठरला, तर त्याची किंमत केवळ पैशात मोजली जात नाही.

जुनी मोटार बिघडली की रस्त्याच्या कडेला उभी राहते. जुनी बोट बिघडली की कडेला उभे राहावयास कडाच नसते. एवढा एक फरक लक्षात घेतला, तरी जुन्या बोटीच्या खरेदीविक्रीकडे शासनाने आणि समाजानेही इतक्या उदासीनतेने पाहावे, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

होडीचे दोष लपतात कसे, हे प्रथम पाहिले पाहिजे. लाकडी होडीचा खरा वैरी वादळ नव्हे. तो आहे शिंपल्यांच्याच कुळातला, परंतु दिसावयास अळीसारखा असलेला एक सागरी जीव. तो पिल्लू असताना फळीत शिरतो, तेव्हा त्याचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते. आत गेल्यावर तो वाढतो आणि लाकूड लांबच लांब पोखरत जातो. बाहेरून फळी अखंड, आतून मात्र तिचे जाळे झालेले. वरून रंगाचा एक हात बसला की ते टाचणीएवढे छिद्रही दिसेनासे होते. मुरलेला सुतार अशा फळीवर हातोडीने ठोकून पाहतो. टणक आवाज आणि भुसभुशीत आवाज यांतला भेद त्याच्या कानाला कळतो. टोकदार हत्यार सांध्यांत, खिळ्यांच्या भोवती आणि पाणी साचून राहते अशा कोपऱ्यांत रोवून तो पाहतो. खरेदीदाराला ही विद्या अवगत असतेच असे नाही. असलीच, तरी नुकत्याच रंगविलेल्या होडीत हत्यार खुपसू देणारा विक्रेता विरळा.

फायबरची होडी कुजत नाही, असा एक समज रूढ आहे. तो अर्धाच खरा. फायबरच्या थराला सूक्ष्म तडा गेला की पाणी आत मुरते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि पृष्ठभागावर फोड येतात. ज्या होडीच्या मागील भिंतीवर बाहेरचे इंजिन टांगलेले असते, त्या भिंतीच्या आत बहुधा लाकूड घातलेले असते. बोल्टच्या भोकांतून झिरपलेले पाणी ते लाकूड आतल्या आत कुजविते आणि एके दिवशी इंजिनासह ती भिंतच हलू लागते. जुन्या लाकडी होडीला फायबरचा लेप देऊन ती ‘नव्यासारखी’ करण्याची तऱ्हा तर अधिकच फसवी. लेपाखाली ओल कोंडली गेली की लाकूड झपाट्याने खराब होते, आणि त्यानंतर हातोडीचा आवाजही खरे बोलत नाही.

इंजिनाची कथा निराळी, पण तात्पर्याने तीच. लहान यांत्रिक नौकांमध्ये मालमोटारीच्या घराण्यातली डिझेल इंजिने समुद्रासाठी फेरबदल करून बसविलेली असतात. त्यात गैर काही नाही. स्वस्त, दणकट आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारे इंजिन गरिबाला सोयीचेच. परंतु मालमोटारीत जे काम वारा करतो, ते समुद्रात खाऱ्या पाण्यावर सोपवावे लागते, आणि खारे पाणी आपल्या कामाचा मोबदला धातू खाऊन घेते. पाण्याच्या नळ्या गंजतात, सांधे गळू लागतात, पाणी तेलात उतरते. तेलात पाणी मिसळले की त्याला दुधाळ रंग येतो. सौद्याच्या आदल्या दिवशी तेल बदलले की तो रंग नाहीसा होतो. इंजिन थंड असताना चालू होण्यास किती आढेवेढे घेते, यावरून त्याची प्रकृती समजते. म्हणून खरेदीदार येण्यापूर्वीच ते गरम करून ठेवले जाते. धुराचेही शास्त्र आहे. काळा धूर डिझेल पुरते जळत नसल्याचे सांगतो, निळसर धूर तेल जळत असल्याचे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा पाणी आत शिरत असल्याचे. यांतले काहीही किनाऱ्यावर दहा मिनिटे इंजिन घुरघुरवून कळत नाही. भार घेऊन, भर समुद्रात, तास-दीड तास चालवल्यावरच ते उघडे पडते.

म्हैस पाण्यात असताना तिचे मोल करू नये, असे मराठी म्हण बजावते. होडीच्या बाबतीत ही म्हण अपुरी पडते. होडीचे मोल दोनदा करावे लागते: एकदा ती पाण्याबाहेर असताना, तळ पाहण्यासाठी; आणि एकदा ती पाण्यात असताना, इंजिन, शाफ्ट, पंखा आणि सुकाणू पाहण्यासाठी. बंदीच्या काळात होणाऱ्या सौद्यात पहिली तपासणी शक्य असते, परंतु दुसरी नाही. हंगामात होणाऱ्या सौद्यात दुसरी शक्य असते, परंतु एका दिवसाचे मासेमारीचे उत्पन्न बुडवून होडी वर ओढून दाखविण्यास विक्रेता राजी होत नाही. इंग्लंड-अमेरिकेत जुनी बोट घेणारा ‘तपासणी आणि समुद्रातील चाचणी समाधानकारक ठरल्यास’ या अटीवरच बयाणा देतो. बोट वर उचलण्याचा आणि स्वतंत्र तपासनिसाचा खर्च तो स्वतः सोसतो, आणि अहवाल वाईट निघाला तर बयाणा परत घेऊन घरी जातो. ही रीत तेथील लोक अधिक प्रामाणिक असल्यामुळे रुजलेली नाही. कर्ज देणारी बँक आणि विमा उतरविणारी कंपनी अहवालावाचून पुढे सरकत नाही, म्हणून ती रुजली आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या आधी काही नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना जो वाटा मिळाला, त्याच्या मुळाशी तोच निबंध होता. त्यातील विचार अगदी साधा आहे. वस्तू चांगली की वाईट हे विक्रेत्याला ठाऊक असते, खरेदीदाराला नसते. म्हणून खरेदीदार धोका गृहीत धरून सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगली वस्तू विकणे मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून अंग काढून घेतो. मागे उरतो तो खराब माल. खराब माल वाढला की भाव आणखी पडतो आणि उरलासुरला चांगला मालही निघून जातो. महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा सिद्धांत मोटारींच्या उदाहरणाने शिकविला जातो. किनाऱ्यावरील कोणत्याही तांडेलाला तो न शिकविता ठाऊक असतो. ‘चांगली होडी कोण कशाला विकेल?’ हा त्याचा प्रश्न म्हणजे त्या निबंधाचे एका ओळीतले सार होय. ज्याने आपली होडी पोटच्या पोराप्रमाणे सांभाळली, त्याला तिचे रास्त मोल मिळत नाही, आणि ज्याने ती सडू दिली, त्याला रंगाच्या डब्यावर चार पैसे जास्त मिळून जातात. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे म्हणून येथे सोडून देता येणार नाही.

फसलेल्याला कायदा किती हात देतो? १९३० च्या मालविक्री कायद्याचा रोख असा की, मालाच्या प्रतीची किंवा उपयुक्ततेची हमी विक्रीत आपोआप गृहीत धरली जात नाही. धंदा म्हणून तो माल विकणाऱ्याला खरेदीदाराने आपला हेतू कळविला असेल आणि त्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला असेल, अशा प्रसंगी मात्र अपवाद होतो. आपली जुनी होडी विकणारा मच्छीमार हा होड्यांचा व्यापारी नव्हे. तेव्हा हा अपवाद बहुधा लागू पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने खरेदी करणाऱ्याला ग्राहक मानलेले नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला त्यात सूट आहे, आणि एका होडीचा नाखवा त्या सुटीचा आधार घेऊ शकेल. परंतु समोरचा पक्ष व्यापारी ठरला पाहिजे, ही अडचण तेथेही उभीच राहते. याच्या जोडीला एक बाब अशी आहे, जी पुष्कळ खरेदीदारांच्या गावीही नसते. सागरी दाव्यांविषयीचा २०१७ चा कायदा १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. अंतर्देशीय नौका त्याच्या कक्षेत सरसकट येत नाहीत. इतरांच्या बाबतीत मात्र खलाशांच्या थकलेल्या वेतनाचा बोजा नौकेवर चढतो आणि मालक बदलला तरी तो उतरत नाही. वेतन देय झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तो टिकतो. म्हणजे जुन्या मालकाने बुडविलेला पगार नव्या मालकाच्या होडीला अडकवून ठेवू शकतो. खलाशाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे आणि ती राहिलीच पाहिजे. परंतु होडी घेणाऱ्याला त्या थकबाकीची कल्पना सौद्याआधी देणारी व्यवस्था कोठे आहे? सहकारी संस्थेमार्फत काढलेल्या कर्जाची थकबाकी हा आणखी एक बोजा, आणि कोकणात तो अपरिचित नाही.

येथवर प्रश्न खरेदीदाराच्या पैशाचा होता. तो तेवढाच असता, तर अग्रलेखाच्या पानावर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु जुनी बोट घेणारा तिच्यात एकटा बसत नाही. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे ७ मे २०२३ च्या संध्याकाळी पर्यटकांची एक दुमजली बोट उलटली आणि २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत एकाच कुटुंबातील अनेक जण होते, लहान मुले होती. ती बोट मुळात मासेमारीची होती आणि तिच्यात फेरबदल करून ती पर्यटकांसाठी वापरात आणली होती, असे नंतर पुढे आले. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविली होती. मालकाला अटक झाली, न्यायालयीन चौकशी नेमली गेली. हे सारे दुर्घटनेनंतर.

मासेमारीची होडी खालच्या अंगाला जड असते. जाळी, बर्फ, मासळी यांचे वजन तळाशी असते आणि त्यामुळे ती डोलते, पण सावरते. तिच्यावर छप्पर, छपरावर बाके आणि बाकांवर माणसे चढविली की गुरुत्वमध्य वर सरकतो. दृश्य पाहण्यासाठी सारे एका बाजूला धावले की ती सावरत नाही, उलटते. शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले हे तत्त्व आहे. होडी तीच, तिचा नोंदणी क्रमांक तोच, परंतु ती आता निराळी वस्तू झालेली असते. खरेदीदाराला ‘चांगल्या स्थितीतली’ म्हणून विकली गेलेली होडी मासळीसाठी खरोखरच चांगली असेलही. पन्नास माणसांसाठी ती चांगली नसते. घारापुरीला, मुरूड-जंजिऱ्याला किंवा मालवणच्या सिंधुदुर्गाला विद्यार्थ्यांची सहल नेणारे शिक्षक बोटीत चढताना मुलांची संख्या मोजतात. पायाखालची बोट पूर्वी काय होती, किती वेळा विकली गेली आणि तिच्यावर काय काय चढविले गेले, हे त्यांना कोण सांगणार?

प्रवासी नौकांना सर्वेक्षणाचा दाखला लागतो, हे खरे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय नौकांच्या कायद्याने घेतली आणि नोंदणी व सर्वेक्षण यांची चौकट अधिक नेटकी झाली, हेही खरे. परंतु दाखला सांगतो तो एका दिवसाची प्रकृती. होडीचा पूर्वेतिहास तो सांगत नाही. आणि होडीच्या नोंदीविषयी शासन जागरूक होऊ शकते, याचा पुरावा तर डोळ्यांसमोर आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आले. त्यानंतर नौकांची नोंदणी, राज्याराज्यांचे निराळे रंग, मच्छीमारांची ओळखपत्रे ही कामे निकराने हाती घेतली गेली. होडी कोणाची, हे शोधण्याची तळमळ त्यातून दिसली. होडी कशी आहे, हे विचारण्याचे मात्र राहून गेले. जुन्या मोटारींचा धंदा करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. अधिकृत दाखल्यावाचून तो धंदा करता येऊ नये, हा त्यांचा हेतू. मोटारवाहन कायद्याखालच्या या नियमांत बोटीला अर्थातच जागा नाही. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीच्या अंगावर बारा अक्षर-अंकांचा कायमचा क्रमांक असतो, आणि तेथील राज्यांसाठी २०११ मध्ये तयार झालेल्या नमुना कायद्यात तळाला मोठी इजा झालेल्या बोटीच्या मालकीपत्रावर तसा शेरा मारण्याची तरतूद आहे. वादळात बुडालेली बोट धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात विकली जाऊ नये, म्हणून तो कायदा. काही राज्यांनी तो स्वीकारला, काहींनी नाही.

महाराष्ट्राने एवढ्यापासून आरंभ करावयास हरकत नाही. यांत्रिक नौकेची मालकी नव्या नावावर चढविण्यापूर्वी जमिनीवर आणि पाण्यात अशा दोन्ही ठिकाणी केलेल्या तपासणीचा अहवाल नोंदवहीला जोडला जावा. इंजिन बदलले, तळाच्या फळ्या बदलल्या, छप्पर चढविले, मासेमारीची होडी प्रवासी झाली, तर तसा शेरा त्याच नोंदवहीत पडावा आणि तो पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला पाहता यावा. कर्ज आणि खलाशांची थकबाकी यांचे लेखी निवेदन विक्रेत्याने द्यावे. यात नवे खाते उघडण्याची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप निघेल तो तपासनिसांच्या राज्याचा. आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक टेबल, आणि टेबलाखालचा हात. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच तपासनीस शासनाने नेमू नये. मान्यताप्राप्त यादीतून तो खरेदीदाराने निवडावा आणि त्याची फी खरेदीदारानेच द्यावी. ज्याच्या पैशाचा प्रश्न आहे, तो आपल्याच तपासनिसाला खोटे लिहावयास सांगणार नाही. अशी माणसे आणणार कोठून, हा प्रश्नही येईल. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कोकणात तंत्रनिकेतने आहेत, आणि हातोडीच्या आवाजावरून फळीचे वय सांगणारे सुतार अद्याप किनाऱ्यावर आहेत. पदवीधराचे शास्त्र आणि सुताराचा कान यांची सांगड घातली, तर एका हंगामात कामापुरती माणसे तयार होऊ शकतील.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. सडकी होडी विकणारा हा काही धनदांडगा नसतो. मासळी घटली, डिझेल महागले, कर्ज थकले, म्हणून दुरुस्तीला पैसा नाही. दुरुस्ती नाही, म्हणून होडी सडली. सडली, म्हणून ती विकावयाची. अहवालात तिचे खरे रूप उघडे पडले, तर ती कोणी घेणार नाही आणि त्याच्या हाती लाकडाच्या ढिगाखेरीज काही राहणार नाही. आज तो आपले नुकसान आपल्यासारख्याच दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात बांधून मोकळा होतो. ते बंद करावयाचे, तर ते नुकसान सोसण्याची दुसरी सोय केली पाहिजे. नव्या नौका आणि खोल समुद्रातील जहाजे यांसाठी २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत साहाय्य आहे. जुन्या मोटारी मोडीत काढण्याचे धोरण केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केले आणि मोडीत काढणाऱ्याला नव्या वाहनावर सवलत देण्याची कल्पना त्यात आहे. तपासणीत अपात्र ठरलेली होडी मोडून टाकणाऱ्या मालकाला, तिच्या लाकडाच्या आणि इंजिनाच्या भंगाराच्या किमतीवर काही ठराविक रक्कम सहकारी संस्थेमार्फत रोख देता येईल, आणि त्या रकमेतून प्रथम खलाशांचे थकलेले पगार चुकते करण्याची अट घालता येईल. होडी मोडल्याचा दाखला मिळाल्यावाचून तिचा नोंदणी क्रमांक रद्द करू नये, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्या खाडीत दुसऱ्या रंगात पुन्हा तरंगताना दिसणार नाही.